शाडूची माती आणि शिकाऊ हात

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघर ज्या गणपतीची स्थापना होते त्यास 'पार्थिव' असे म्हणण्याचा प्रघात आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. मूर्ती मातीची, प्राणप्रतिष्ठेपासून उत्तरपूजेपर्यंत ती देव, आणि त्यानंतर पुन्हा माती, असा हा साधा संकेत आहे. परंतु ज्याला तो स्वतःच्या हातांनी पाळावयाचा असतो त्या मूर्तिकारापुढे त्यातून एक चमत्कारिक कोडे उभे राहते. मूर्ती इतकी बळकट पाहिजे की, पेणहून मुंबईपर्यंत टेंपोतून हेलकावे खात गेली तरी तिच्या सोंडेस तडा जाता कामा नये. आणि इतकी दुबळी पाहिजे की, दीड दिवसाने, पाच दिवसांनी अथवा अनंत चतुर्दशीस पाण्यात ठेवताच ती आपली आपण विरघळून गेली पाहिजे. कुंभाराला असले कोडे पडत नाही. त्याचे मडके एकदा आव्यातून भाजून निघाले की त्यास पाण्याचे भय उरत नाही. मूर्तिकाराला अग्नीचे साहाय्य नाही. माती, पाणी आणि वारा एवढीच त्याची सामग्री, आणि तिच्याशी गाठ घालावयाची ती दहा बोटांनी. ही बोटे काय शिकलेली असतात, आणि घरच्या घरी मातीकाम करू इच्छिणाऱ्या नवशिक्याने त्यातले काय उचलावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पेण हे रायगड जिल्ह्यातील, म्हणजे 1981 पूर्वी ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत त्यातील, भोगावतीच्या काठचे तालुक्याचे गाव. मुंबईकरास ते पोहे, पापड आणि गणपती यांसाठी ठाऊक असते. गावात आणि हमरापूर, जोहे इत्यादी आसपासच्या खेड्यांतून मूर्तींचे कारखाने आहेत. कारखाना म्हटला म्हणजे धुराडे आणि भोंगा डोळ्यांपुढे येतो; येथे तसले काही नाही. घराची पडवी, मागल्या अंगणातील मांडव किंवा पत्र्याची एखादी लांबट शेड, आणि तीत जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्यांवर ओळीने बसलेले रंगहीन गणपती, असे त्याचे स्वरूप असते. गणेशोत्सव संपून थोडे दिवस जातात न जातात तोच पुढल्या वर्षाच्या कामास आरंभ होतो. परदेशी जावयाच्या मूर्तींना तर चतुर्थीच्या कित्येक महिने आधीच जहाजाची वाट धरावी लागते.

मौज अशी की, ज्या मातीने पेणचे नाव झाले ती माती पेणची नव्हे. शाडूची माती येते ती गुजरातेतून, मुख्यत्वे भावनगरच्या बाजूने. पेणच्या भोवती माती काय थोडी आहे? पण कोकणची तांबडी माती जांभ्या दगडापासून झालेली, खरबरीत. पापणीची रेघ किंवा बोटाचे पेर तिच्यात स्वच्छ उमटणे कठीण. धरमतरच्या खाडीकडील गाळ बारीक खरा, परंतु तो खारा. असा गाळ सुकू लागला म्हणजे त्यातील मीठ पाण्याबरोबर पृष्ठभागावर येते आणि पांढऱ्या बुरशीसारखे फुलते. त्यावर रंग कसा टिकावा? शाडू बारीक, चिकट, फिक्या रंगाची आणि सुकल्यावर गुळगुळीत होणारी. म्हणून ती दूरदेशाहून पोत्यांतून यावयाची आणि पेणच्या हाताखालून जाऊन देशोदेशी जावयाची, असा हा व्यवहार बसलेला आहे.

मातीकाम शिकणे म्हणजे आकार करावयास शिकणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. आकार हा पुढला भाग. पहिला धडा पाण्याचा. चिकणमातीचा कण अतिसूक्ष्म आणि पत्र्यासारखा चपटा असतो. काचेच्या दोन तकट्या ओल्या करून एकीवर एक ठेवाव्या, म्हणजे त्या सहज सरकतात, परंतु उचलून सुट्या करू गेल्यास सुटत नाहीत. ओल्या मातीत असे अगणित पत्रे एकमेकांवर सरकत असतात, म्हणून ती दाबली तशी वळते आणि वळली तशी राहते. पाणी उडून जाऊ लागले की हे पत्रे एकमेकांच्या जवळ येतात, आणि जितके जवळ येतात तितकी माती आकसते. चिकणमाती सुकताना लांबीने शेकडा पाच ते आठ इतकी सहज आखडते. फूटभर उंचीचा ओला गणपती सुकल्यावर अर्ध्यापाऊण इंचाने बुटका झालेला असतो. हे आकसणे सर्वांगाने सारखे झाले तर काहीच बिघडत नाही. एक अंग आधी आकसले आणि दुसरे मागे राहिले की भेग पडलीच म्हणून समजावे. मूर्तीला जाणारे बहुतेक तडे हे धक्क्याने गेलेले नसून असमान सुकण्याने गेलेले असतात. शिकाऊ मनुष्य तड्याला दोष देतो तो हाताच्या जोराचा किंवा मातीच्या जातीचा. खरा दोष बहुधा पंख्याचा अथवा खिडकीतील उन्हाचा निघतो.

म्हणूनच कारखान्यात नव्या पोराच्या हाती कोरणी मिळत नाही. त्याच्या वाट्याला येते ती चाळण. शाडूची ढेकळे फोडावयाची, बारीक चाळावयाची, भिजत घालावयाची आणि मळावयाची. "अरे, पाणी वरून ओतू नकोस, मातीला पिऊ दे," हे वाक्य त्याला पहिल्या हंगामात इतक्या वेळा ऐकावे लागते की पुढे तो तेच आपल्या हाताखालच्या पोराला ऐकवितो. भिजलेल्या मातीला मुरावयास वेळ दिला तर ती अधिक लवचीक होते, कारण ढेकळाच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचावयास वेळ लागतो. मळण्याचा हेतूही हाच की, गोळ्यात एके ठिकाणी कोरडे आणि दुसऱ्या ठिकाणी चिखल असे राहू नये. मातीत हवेचा बुडबुडा राहिला तर मूर्ती फुटते, अशी एक धास्ती नवशिक्यांना घातलेली असते. भाजावयाच्या भांड्यातसुद्धा फोडाफोड करते ती मुख्यतः आत राहिलेल्या ओलीची वाफ. न भाजावयाच्या मूर्तीत बुडबुड्याने फार तर खळगा पडतो. तेव्हा बुडबुड्याची चिंता थोडी कमी आणि सारखेपणाची अधिक, हे बरे.

माती तयार झाली की नाही याची परीक्षा सोपी आहे. करंगळीएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळावी. वळीस बारीक चिरा पडल्या तर पाणी कमी किंवा मळणे अपुरे. हाताला लपका चिकटला तर पाणी अधिक. जुन्या कारागिराला ही परीक्षा करावी लागत नाही. गोळा उचलतानाच त्याला कळते.

आता हात चालवावयाचा तो कसा? चाक किंवा साचा न घेता नुसत्या हाताने माती घडविण्याच्या रीती जगभर फिरून पाहिल्या तरी मूळच्या तीनच सापडतात, आणि महाराष्ट्रातल्या गृहिणीला त्या तिन्ही अगोदरच येत असतात. फक्त त्यांचा अभ्यास तिने तांदळाच्या उकडीवर आणि भाजणीवर केलेला असतो. मोदकाची पारी करताना गोळ्यात अंगठा खुपसून, गोळा फिरवीत फिरवीत, चिमटीने कड पातळ करीत नेतात. मातीची वाटी करावयाची ती अगदी याच रीतीने; गणपतीचे पोट पोकळ काढण्याचा पहिला पाठ हाच आहे. कडबोळ्यासाठी जशी वळी वळतात तशी मातीची वळी वळून, ती एकीवर एक बसवीत, आतून बाहेरून बोटाने सांधीत नेली म्हणजे उंच भांडे उभे राहते. मूर्तीच्या मांड्या, हात आणि सोंड या वळ्याच होत. तिसरी रीत भाकरीची. सारख्या जाडीची पोळी थापावयाची आणि ती कापून, वळवून, जोडून आकार साधावयाचा. गणपतीचे कान, पाटावरील आसन, खांद्यावरून आलेला शेला हे सारे पोळीतून निघते. उकडीत आणि मातीत फरक आहे तो इतकाच की, उकड बिघडली तर मोदक उकडताना फुटतो, आणि माती बिघडली तर दोन दिवसांनी, सर्व मंडळी झोपेत असताना फुटते.

या रीती किती जुन्या आहेत याची साक्ष महाराष्ट्राच्या भूमीतूनच निघालेली आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथील सुमारे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घरात मातीचे एक झाकणाचे पात्र मिळाले आणि त्यासमवेत हाताने घडविलेल्या स्त्रीमूर्ती आणि एक बैल सापडला. विद्वान त्यांचा संबंध देवीच्या उपासनेशी लावतात. या वस्तू भाजलेल्या नाहीत, कच्च्या मातीच्या आहेत. भाजण्याची विद्या त्या लोकांना अवगत होती, कारण त्यांची रंगविलेली भांडी भाजलेली आहेत. तरीही मूर्ती मात्र त्यांनी कच्ची ठेवली. ती का, याविषयी तर्क करता येतील. परंतु कच्च्या मातीची मूर्ती पेणच्या कारखान्यात प्रथम घडली असे समजण्याचे कारण नाही.

वीतभर उंचीची बैठी मूर्ती करावयास दोन-तीन किलो मळलेली माती पुरते. ती पाटावर घडवावयाची तर पाट आणि माती यांमध्ये एक कागद घालावा. कारण पाट लाकडाचा, तो मातीबरोबर आखडत नाही. माती पाटास चिकटून राहिली तर बैठक मध्येच दुभंगते. कागद असला म्हणजे मूर्ती आपली हळूच सरकून आत येते. पोट भरीव ठेवू नये. भरीव गोळ्याचे बाहेरचे अंग चार दिवसांत सुकते आणि गाभा पंधरा दिवस ओला राहतो, मग आतबाहेरची ओढाताण सुरू होते. अंगठ्याएवढी जाडी सर्वत्र ठेवावी आणि खालून पोकळी मोकळी सोडावी, की वारा आत शिरेल.

सांधा हा तर या विद्येचा प्राण आहे. नवशिका हात घडवितो, ओला ओला खांद्यास चिकटवितो, बोट फिरवून सांधा दिसेनासा करतो आणि निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी तो हात पाटावर पडलेला आढळतो. सांधा दिसेनासा होणे आणि सांधा जुळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्या दोन अंगांची जोड करावयाची ती दोन्ही सारख्याच ओलीची पाहिजेत. दोहोंवर कोरणीने आडव्या-उभ्या रेघा मारून पृष्ठभाग खरबरीत करावा, मध्ये त्याच मातीचे दाट पाणी लावावे, आणि किंचित हलवून, दाबून, आत अडकलेली हवा बाहेर काढावी. त्यावर एक बारीक वळी गुंडाळून ती दोन्हीकडे पसरली म्हणजे जोड पक्की झाली. सोंडेत किंवा हातात तार खुपसण्याची हौस पुष्कळांना असते. माती आखडते, तार आखडत नाही. तेव्हा तारेभोवती रेघ धरून माती फाटते. बळ द्यावयाचे तर ते तारेने नव्हे, तंतूने द्यावे. कापसाचे किंवा काथ्याचे बारीक तंतू मातीत मळले तर ते मातीबरोबर वाकतात, मातीबरोबर हलतात, आणि भेग सुरू झालीच तर तिला वाटेत अडवितात.

हे तंतूचे रहस्य शिकावयास मूर्तिकारच पाहिजे असे नाही. पेणहून आगगाडीने कासू, नागोठणे ही स्टेशने मागे टाकीत रोह्यास जावे. जेथून पुढे कोकण रेल्वे आरंभ पावते ते हे रोहे, कुंडलिकेच्या काठचे. पेण काय, रोहे काय, हा सारा भाताचा मुलूख. भात कांडले की तूस उरते, आणि या मुलखातील घरधनिणी ते तूस तांबड्या मातीत कालवून त्याची चूल घालीत असत. चूल घालणे हे हस्तकामच आहे, त्यास चाक लागत नाही. मागील बाजूची भिंत जाड, वैल जोडलेला, तीन ठिकाणी भांडे टेकावयास उंचवटे, आणि पुढे लाकडे सारावयास तोंड; हा सारा आकार बायका मापावाचून, डोळ्यांच्या अंदाजाने उभा करीत. मातीत तूस का, असे विचारले तर "नाही तर चिरते ना गं बाई" एवढेच उत्तर मिळे. परंतु त्या उत्तरात सारे शास्त्र आले. तूस ओल्या मातीत आकसणे कमी करते, आणि पुढे जाळ लागला म्हणजे ते जळून जाऊन मागे बारीक पोकळ्या ठेवते, त्यामुळे उष्णतेने भिंत फुगली तरी तडा लांबवर धावत नाही. गॅसची शेगडी आल्यावर पुष्कळ घरांतून चूल गेली आणि तिच्याबरोबर हे ज्ञानही गेले. धुरापासून डोळे आणि छाती वाचली हा लाभ लहान नव्हे. चुलीसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु एके काळी जी विद्या घराघरांत होती ती शहरात पैसे भरून वर्गात शिकावी लागते, एवढे नमूद करावयास हरकत नसावी.

मूर्ती घडली, आता सुकविणे. येथे घाई करणारा हमखास फसतो. मूर्ती सावलीत, जेथे वारा थेट लागत नाही अशा कोपऱ्यात ठेवावी. कान, बोटे, मुकुटाची टोके हे पातळ भाग आधी सुकू पाहतात, त्यांवर ओलसर फडक्याचे तुकडे घालून त्यांना मागे ओढून धरावे. दोन-तीन दिवसांनी अशी एक अवस्था येते की नखाची खूण उमटते पण बोट रुतत नाही. बारीक कोरीव काम, दागिने, सोंडेवरील वळ्या, हे सारे त्या वेळी करावयाचे. त्याआधी केले तर आकार लोळतो आणि त्यानंतर केले तर कपचा उडतो. पूर्ण सुकली की नाही हे पाहण्यास मूर्तीची पाठ गालास लावावी. थंड लागली तर आतले पाणी अद्याप उडत आहे. ज्यांना अशा परीक्षेवर विश्वास नसेल त्यांनी स्वयंपाकघरातील काट्यावर रोज वजन करावे. वजन उतरावयाचे थांबले म्हणजे सुकणे संपले. यातूनही भेग पडली तर तीत ओली माती भरू नये. ती भरलेली माती स्वतः आकसते आणि भेग पुन्हा तोंड उघडते. भिजविलेल्या कागदाचा लगदा मातीत मिसळून, शक्य तितक्या कमी पाण्याने, ती दाबून बसवावी.

कोकणात हे सुकविणे आणखी अवघड, कारण चतुर्थी येते तीच मुळी पावसाळ्यात. आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते की माती सुकावयाच्या ऐवजी उलट ओल धरते. म्हणून शाडूची कामे मृगाच्या आधी सुकवून ठेवण्याकडे कारखानदाराचा कल असतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पेणमध्ये शिरले ते याच दारातून. जिप्सम नावाचा खनिज दगड दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तापविला की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते आणि पांढरी पूड होते. तीत पाणी कालविले की अर्ध्या घटकेत, फार तर तासाभरात, ती पुन्हा दगड होते. आकसण्याची भानगड नाही, पंधरा दिवस सावली सांभाळावयास नको, वजनाला हलके, वाहतुकीत मोडतोड कमी, आणि किंमतही कमी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूर्तींची मागणी आणि त्यांची उंची दोन्ही वाढत गेली तेव्हा कारागिरांनी ते स्वीकारले यात नवल नाही. गंमत अशी की, प्लास्टर कारखान्यात मातीचे साहाय्यक म्हणूनही होतेच. मातीची पोळी ज्या साच्यात दाबावयाची तो साचा प्लास्टरचा असे, कारण प्लास्टर सच्छिद्र असते. ते मातीतील पाणी शोषून घेते, माती किंचित आखडते आणि साच्यातून अलगद सुटते. साचा असताना ते मातीला सोडविण्याचे काम करी. मूर्ती झाल्यावर त्याने मातीलाच रजा दिली.

पाण्यात ठेवल्यावर दोहोंतील भेद उघड होतो. कच्ची शाडूची मूर्ती पाणी पिते, तिचे चपटे कण सुटे होतात आणि काही तासांत बादलीच्या तळाशी गाळ बसतो. भाजलेल्या मातीचे असे होत नाही, कारण पाचसहाशे अंशांच्या पुढे कणाच्या रचनेतच असलेले पाणी निघून जाते आणि ते पुन्हा परत येत नाही. प्लास्टर लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. त्यामुळे मूर्ती महिनेच्या महिने तशीच पडून राहते. भग्न मूर्ती समुद्राच्या भरतीबरोबर काठाला परत आलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याहून अधिक सांगावयास नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 साली मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2020 साली त्या अधिक कडक करून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची कसोशीने अंमलबजावणी करावयास सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली, मात्र त्या नैसर्गिक जलाशयात सोडण्यास मुभा नाही असे ठरले.

पेणच्या बाजूने या वादाकडे पाहिले तर चित्र बरेच गुंतागुंतीचे दिसते. कारखानदार वर्षभर कर्ज काढून माल तयार करून ठेवतो. हंगामाच्या तोंडावर आलेला हुकूम त्याला पाण्यात बुडवितो, मूर्ती बुडो वा न बुडो. नदी आणि खाडी यांचा पक्षही खरा आहे, त्यास उत्तर नाही. परंतु या दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तिसरी एक गोष्ट क्वचितच येते. ती म्हणजे हात. प्लास्टर साच्यात ओतावयास शिकलेला मुलगा काही आठवड्यांत कामाचा होतो. शाडू चाळणे, मळणे, साच्यात सारखी दाबणे, सांधे साफ करणे, दागिने चढविणे, असे चढत चढत डोळ्यांच्या आखणीपर्यंत पोहोचावयास कित्येक हंगाम जातात. ज्या कारखान्यांतून शाडू गेली तेथे हे हंगामही गेले. आज कोणी हुकूम काढून प्लास्टर थांबवील. पण ओल ओळखणारा अंगठा हुकुमाने मिळत नाही. शाडूचे काम न सोडलेले जे कारखाने पेणमध्ये टिकून आहेत त्यांची खरी मिळकत साच्यांत नसून तेथे पाट मांडून बसणाऱ्या वयस्क कारागिरांत आणि रंगकामास येणाऱ्या बायकांत आहे, आणि त्यांच्या शेजारी किती पोरे शिकावयास बसतात यावर पुढल्या पंचवीस वर्षांचा हिशेब अवलंबून आहे. ग्राहकाचाही यात वाटा आहे. ज्याला वीतभर शाडूची मूर्ती तीन फुटी प्लास्टरच्या मूर्तीहून महाग का, असा प्रश्न पडतो त्याने एकदा आपल्या हाताने एक गणपती करून पाहावा. मूर्ती बहुधा ओबडधोबड होईल, एक कान मोठा होईल, सोंड जरा जाडच राहील. पेणच्या मूर्तीची किंमत मात्र त्याला पुन्हा अधिक वाटणार नाही.

घरी केलेल्या मूर्तीचे विसर्जन घरीच करणे सोयीचे. बादलीत मूर्ती पुरी बुडेल इतके पाणी घ्यावे आणि मूर्ती हलकेच ठेवावी, ढवळू नये. आधी पोट सुटते, मग खांदे, आणि मुकुट सर्वांत शेवटी. रंग हळद, गेरू यांसारखे साधे असतील तर पाणी झाडांना घालता येते. तळाशी बसलेली माती टाकून देण्याची आवश्यकता नाही. वरचे पाणी निथळू द्यावे, गाळ जाड फडक्यावर पसरून कणकेइतका घट्ट होऊ द्यावा आणि झाकणाच्या डब्यात ओलसर ठेवून द्यावा. पुण्यासारख्या शहरात अशी माती घरोघरून परत गोळा करून मूर्तिकारांकडे पोहोचविण्याचे उपक्रमही चालू झालेले आहेत. वर्षभर मुरलेली माती नव्या मातीहून अधिक चिवट होते. पुढल्या आषाढात तिचा डबा उघडला तर तिला थोडा कुबट वास येईल. त्याने बिचकू नये. हाताला थोडे पाणी लावून ती पुन्हा मळावयास घ्यावी, आणि मळताना जुन्या कापसाचे धागे बोटांना लागले तर ते तसेच राहू द्यावेत.